नळीची लांबी आणि गोळीचा वेग

बीड जिल्ह्याच्या माजलगांव तालुक्यांत दिंद्रुड नांवाचें गांव आहे. काळी जमीन, कपाशीचीं आणि ज्वारीचीं शेतें, आणि पीक घरीं येईपर्यंत रानडुकरांचें भय, असा त्या भागाचा संसार. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक तिकडे एखाद्या जुन्या घराच्या खुंटीवर आढळते. पुष्कळ वर्षांपूर्वीं तेथील एका वृद्ध शेतकऱ्यांच्या ओसरीवर मी बसलों होतों. बोलतां बोलतां माझें लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलें. दोन बोटें मुळापाशींच तुटलेलीं होतीं. मीं कांहीं विचारण्यापूर्वींच ते हंसून म्हणाले, "पाव्हणं, बंदुकीनं खाल्ली."

हकीकत साधी होती. त्यांच्या तरुणपणीं घरांतील बंदुकीची नळी तोंडाशीं गंजून चिरली. लोहारानें ती वीतभर कापून साफ करून दिली. नळी आंखूड झाली, तेव्हां मारहि कमी झाला असणार, असें घरांतल्या सर्वांच्या मनानें घेतलें. आणि ती तूट भरून काढावी म्हणून त्यांनीं दारूचें माप वाढविलें. दोनचार बार ठीक गेले. पुढच्या बाराला नळी फुटली. आणि फुटली ती तोंडाशीं नव्हे, तर अगदीं बुडाशीं, जेथें लोहाराची कानस कधीं लागलीहि नव्हती. म्हाताऱ्यांचा निष्कर्ष मात्र कायम होता: "नळी आखूड झाली, तिचं हे फळ. लांब नळी असती तर बोटं राहिली असती."

श्रोतेहो, या एका हकीकतींत बंदुकीच्या शास्त्राचा एक मोठा प्रश्न सांठविलेला आहे. नळीच्या लांबीचा गोळीच्या वेगाशीं खरोखर संबंध काय? तो किती? आणि नळीच्या तोंडाशीं जें कमी झालें तें बुडाशीं दारू वाढवून परत मिळवितां येतें काय? स्वतःच्या हातानें काडतुसें भरणारे सुशिक्षित निशाणबाजहि दिंद्रुडच्या या चुकींत आजतागायत पडत आले आहेत. म्हणून हा विषय आज थोडा उलगडून पाहूं.

बंदुकींत जें घडतें त्याला आपण स्फोट म्हणतों. पण तो शब्द थोडा फसवा आहे. दारू जळते, मात्र ती अतिशय वेगानें जळते, आणि जळतांना तिचा तप्त वायु होतो. हा वायु कोंडलेला असल्यामुळें चोहोंकडे सारखाच रेटा देतो. बुडाकडे आणि बाजूंना पोलाद आहे, तें हलत नाहीं. समोर गोळी आहे, ती हलते. गोळी पुढें सरकली कीं तिच्यामागची जागा वाढते, आणि जागा वाढली कीं वायूचा दाब उतरतो. साध्या रायफलींत गोळी जेमतेम दोनचार इंच सरकते न सरकते तोंच हा दाब आपल्या शिखराला पोंचतो, आणि तेथून पुढें तो उतरतच जातो. गोळी तोंडांतून बाहेर पडेपर्यंतचा हा सारा व्यवहार एका सेकंदाच्या हजाराव्या भागांत, फार तर दीड हजारांशांत, आटोपतो.

पावसाळ्यांत काळ्या रानांत रुतलेली बैलगाडी ज्यांनीं लोटून काढली आहे त्यांना हें चटकन् कळेल. दहा माणसें चाकांना लागतात. पहिला रेटा सर्वांत मोठा. गाडी हलली कीं एकेकाचा दम सुटूं लागतो. पण पांच माणसें लोटीत असलीं तरी गाडीचा वेग वाढतच असतो, आणि दोन असलीं तरीहि थोडा वाढतो. रेटा चिखलाच्या विरोधापेक्षां जास्त आहे तोंपर्यंत वेग वाढणार. रेटा आणि विरोध समान झाले कीं वाढ थांबणार. आणि रेटा विरोधाहून कमी झाला कीं उलट वेग घटूं लागणार. गोळीलाहि नळीशीं घासतच पुढें जावें लागतें. तेव्हां नळीची लांबी म्हणजे लोटणाऱ्यांना मिळालेलें अंतर होय. लांबी स्वतः जोर उत्पन्न करीत नाहीं. असलेला जोर किती अंतरापर्यंत गोळीच्या पाठीशीं राहील एवढेंच ती ठरविते.

लांब नळी म्हणजे लांब मार, ही समजूत आपल्या देशांत फार जुनी आहे, आणि ती सर्वस्वीं खोटी नाहीं. विजापूरला दोन तोफा पाहण्यासारख्या आहेत. एक प्रसिद्ध मुलूख-मैदान. ती १५४९ मध्यें अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, ओतविली गेली. तेथून ती परांड्याच्या किल्ल्यांत आली, आणि १६३२ मध्यें विजापुरास गेली. तिची लांबी सुमारें सवाचौदा फूट, पण तोंडाचा व्यास सव्वादोन फुटांहून अधिक. म्हणजे लांबी व्यासाच्या जेमतेम सहापट. दुसरी तोफ त्याच शहरांतील उपळी बुरुजावर आहे. तिची लांबी तीस फुटांहून अधिक, आणि व्यास सुमारें एक फूट. म्हणजे लांबी व्यासाच्या तीसपट. एक बुटकी आणि रुंद, दुसरी सडपातळ आणि लांबलचक. दूरवर गोळा जावा म्हणून नळी लांब करावी, हें ती दुसरी तोफ घडविणाऱ्या कारागिरांना ठाऊक होतें. पण एका हातानें लांबी वाढविली तर वेग किती वाढतो, हें कोणालाच सांगतां येत नव्हतें. कारण गोळीचा वेग मोजण्याचें साधनच जगांत नव्हतें.

तें साधन दिलें बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणित्यानें, १७४२ मध्यें. त्याची युक्ति इतकी सोपी आहे कीं ती ऐकल्यावर आपल्याला कशी सुचली नाहीं असें वाटावें. एक जड लाकडी ठोकळा त्यानें झोपाळ्यासारखा टांगला आणि त्यावर गोळी झाडली. गोळी ठोकळ्यांत रुतून बसली आणि ठोकळा मागें झुलला. ठोकळा गोळीच्या हजारपट जड असेल, तर गोळीचा वेग हजारानें भागला जाऊन ठोकळ्यास मिळतो. तो मंद झोका एका फितीनें मोजतां येतो. आणि झोक्यावरून उलट हिशेब केला कीं गोळीचा वेग हातीं येतो. त्या काळच्या बंदुकीच्या गोळीचा वेग सेकंदास सुमारें सतराशें फूट निघाला. त्याहून आश्चर्याची गोष्ट पुढें निघाली. ठोकळा दूर दूर नेऊन प्रयोग केले तेव्हां, हवा गोळीला किती प्रचंड विरोध करते हें कळलें. एवढ्या वेगानें जाणाऱ्या वाटोळ्या गोळीवर हवेचा विरोध गोळीच्या वजनाच्या शंभरपटीच्या घरांत असतो. आपल्या देशाशीं रॉबिन्सचा संबंध असा कीं, ईस्ट इंडिया कंपनीच्या तटबंदीच्या कामावर तो १७५० मध्यें हिंदुस्थानांत आला, आणि दुसऱ्याच वर्षीं मद्रास किनाऱ्यावरील सेंट डेव्हिडच्या किल्ल्यांत वारला.

रॉबिन्सनें नळीच्या लांबीचाहि हिशेब मांडला. जागा दुप्पट झाली कीं दाब निम्मा होतो, हें गृहीत धरून तो चालला. आपण त्याच मार्गानें एक ठोकताळा करूं. समजा, नळी अठ्ठेचाळीस इंच लांब आहे आणि तिच्या बुडाशीं तीन इंच दारू आहे. वायूची जागा तीन इंचांवरून सहावर गेली, ही पहिली दुपट. सहावरून बारा, ही दुसरी. बारावरून चोवीस, ही तिसरी. चोवीसावरून अठ्ठेचाळीस, ही चवथी. आतां गंमत अशी कीं, या हिशेबांत प्रत्येक दुपटींत वायु गोळीला सारखीच शक्ति देतो. पहिल्या दुपटीस तीन इंच पुरले; तेवढीच शक्ति मिळविण्यास चवथ्या दुपटींत चोवीस इंच खर्ची पडले. म्हणजे नळीचा बुडाकडचा प्रत्येक इंच तोंडाकडच्या इंचाहून कितीतरी मोलाचा. त्यांतहि, शक्ति चौपट झाली तर वेग फक्त दुप्पट होतो, हा निसर्गाचा आणखी एक कर आहे.

आतां दिंद्रुडच्या बंदुकीकडे वळूं. अठ्ठेचाळीस इंचांच्या नळीचें तोंड वीतभर, म्हणजे नऊ इंच, कापलें असें धरूं. वरील हिशेबानें गोळीच्या वेगांत घट येते ती शेंकडा चाराच्या आसपास. सतराशें फुटांतले साठसत्तर फूट गेले. डुकराला किंवा डुकरावर नेम धरणाऱ्याला तें जाणवलेंहि नसतें. पण ती तूट दारू वाढवून भरून काढूं गेल्यास काय होतें? जास्तीची दारू आपला सर्व जोर तोंडाशीं दाखवीत नाहीं. ती बुडाशींच जळूं लागते. दाबाचें शिखर तेथेंच असतें, आणि तें शिखर वेगापेक्षां फार झपाट्यानें उंचावतें. ढोबळ नियम असा कीं, दारू वाढवून वेग शेंकडा एकानें वाढवावयाचा तर दाब शेंकडा दोनतीननें वाढतो. माप वजनानें न घेतां ओंजळीनें घेतलें, तर तो कोठवर चढला हें सांगणें कठीण. शिवाय गंजानें पातळ झालेली जुनी नळी. ती बुडाशीं कां फुटली, याचें कोडें आतां उरलेलें नाहीं. लांब नळीहि त्या बाराला तशीच फुटली असती. कारण दाब शिखरावर असतांना गोळी नुकतीच बुडापासून हलली होती, आणि पुढें नळी किती लांब आहे याचा त्या क्षणीं कांहींएक संबंध नव्हता.

येथें ठासणीच्या बंदुकीचा आणखी एक धोका सांगून ठेवतों. गजानें ठांसतांना गोळी दारूला नीट टेकली नाहीं, मध्यें पोकळी राहिली, तर योग्य मापाची दारूहि नळीला फुगवूं किंवा फोडूं शकते. आणि काळ्या दारूच्या बंदुकींत बिनधुराची दारू घालणें म्हणजे तर मरणाला आमंत्रण. या दोन दारूंचा स्वभावच भिन्न आहे. काळी दारू गंधक, कोळसा आणि सोरा यांची. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वजनाचा घन राखरोळा होतो, आणि म्हणूनच तिचा धूर दाट. बिनधुराची दारू पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८८४ मध्यें सिद्ध केली. ती जवळजवळ सगळीच्या सगळी वायुरूप होते, आणि तेवढ्याच वजनांत कितीतरी अधिक काम करते. शिवाय तिच्या दाण्याचा आकार, जाडी आणि वरचा लेप बदलून तिला सावकाश किंवा लवकर जळावयास लावतां येतें. लवकर जळणारी दारू आपलें काम नळीच्या पहिल्या कांहीं इंचांतच उरकते. तिला लांब नळी दिली तरी विशेष फायदा नाहीं. सावकाश जळणारी दारू गोळीला दूरवर लोटीत राहते. तिला आंखूड नळी दिली तर तिचा जोर तोंडाबाहेर जाळाच्या आणि आवाजाच्या रूपानें फुकट जातो. तेव्हां लांबी किती असावी, हा प्रश्न एकट्या नळीचा नाहीं; नळी, दारू आणि गोळी या तिघांच्या जोडीचा आहे.

याचें इतिहासांतील उत्तम उदाहरण म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाची थ्री-नॉट-थ्री रायफल. महाराष्ट्रांतील पोलिसांच्या खांद्यावर ती कित्येक वर्षें होती, आणि बंगाल्यांत इशापूरच्या कारखान्यांत ती तयार होत असे. या जातीच्या पहिल्या रायफलीची, १८८८ सालच्या ली-मेटफर्डची, नळी तीस इंचांहून थोडी अधिक होती. कारण तिचें पहिलें काडतूस काळ्या दारूचें होतें. पुढें कॉर्डाइट नांवाची बिनधुराची दारू आली. बोअर युद्धानंतर पायदळ आणि घोडदळ या दोघांनाहि एकच रायफल द्यावी असें ठरलें, आणि १९०४ च्या सुमारास नळी पांच इंचांनीं कमी करून ती सव्वापंचवीस इंचांवर आणली गेली. त्या वेळीं इंग्लंडांतील निशाणबाजांनीं मोठा गहजब केला. ही आंखूड रायफल ना धड नेम धरील, ना धड मार करील, असें त्यांचें म्हणणें. प्रत्यक्षांत काय झालें? अशा मध्यम जोराच्या काडतुसांत नळीच्या एका इंचामागें वीस ते तीस फूट वेग जातो किंवा येतो, असा अनुभव आहे. त्या मानानें पांच इंचांचा दंड शेंदीडशें फुटांचा होतो. १९१० मध्यें हलकी आणि टोंकदार गोळी आली, आणि त्याच आंखूड नळींतून सेकंदास २४४० फुटांचा वेग मिळूं लागला. दोन्ही महायुद्धें त्या रायफलीनें निभावलीं. लढाईंत सैनिकाला पांच इंचांच्या ओझ्यापासून झालेली सुटका त्या शेंदीडशें फुटांहून अधिक मोलाची ठरली.

आतां उलट टोंकाचें उदाहरण घेऊं. तेंहि आपल्याच मुलखांतलें आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं पन्नास मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेंत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकलें. त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्यें म्यूनिकला पन्नास मीटर झोपून मारण्याच्या प्रकारांत जगज्जेत्या झाल्या होत्या. या स्पर्धांत वापरतात ती पॉइंट टू-टू रायफल. तिच्या चिमुकल्या काडतुसांत दारू इतकी थोडी असते कीं, ती नळीच्या पहिल्या कांहीं इंचांतच जळून जाते. सोळा ते अठरा इंचांच्या आसपास गोळीचा वेग शिगेला पोंचतो. त्यापुढें वायूचा रेटा घर्षणाहून कमी पडूं लागतो, आणि नळी आणखी लांब केली तर गोळी उलट थोडी मंदावते. काळ्या रानांतल्या गाडीची तीच गोष्ट: लोटणारे थकले, चिखल मात्र संपला नाहीं. असें असूनहि स्पर्धेच्या रायफलींची नळी बहुधा त्याहून लांब असते. कारण तेथें लांबीचा उपयोग निराळा आहे. पुढची आणि मागची माशी एकमेकींपासून दूर राहिल्या तर नेमांतील चूक बारीक दिसते, आणि पुढें वजन असलें कीं हात स्थिर राहतो.

या खेळाडूंना वेग जास्त नको असतो. तो सारखा हवा असतो. त्यांची गोळी मुद्दामच आवाजाच्या वेगाहून थोडी मंद, सेकंदास सुमारें ३२५ ते ३३० मीटर, ठेवलेली असते. कारण आवाजाचा वेग ओलांडून पुन्हां त्याखालीं उतरतांना गोळी डळमळते. सारखेपणाचें मोल किती, तें एका छोट्या हिशेबानें पाहूं. पन्नास मीटर अंतर तोडण्यास या गोळीला सेकंदाचा सुमारें सहावा भाग लागतो, आणि तेवढ्या वेळांत ती पृथ्वीच्या ओढीनें सुमारें बारा सेंटिमीटर खालीं येते. त्यासाठीं माशी आधींच लावलेली असते. पण एखादी गोळी नेहमींपेक्षां सेकंदास दहा मीटरनें मंद निघाली, तर ती आणखी सातआठ मिलिमीटर खालीं लागेल. लक्ष्याच्या मध्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा संपूर्ण व्यास मात्र १०.४ मिलिमीटर आहे. हात दगडासारखा स्थिर, नेम अचूक, आणि तरीहि गुण गेला! तो दोष खेळाडूचा नव्हे, काडतुसाचा. पॉइंट टू-टूचें काडतूस हातानें पुन्हां भरतां येत नाहीं. त्याच्या तळाच्या कडेंतच ठिणगीचें द्रव्य असतें. म्हणून हे खेळाडू एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या घाण्यांतलीं काडतुसें आपल्याच नळींतून झाडून पाहतात, आणि जो घाणा आपल्या नळीला मानवतो त्याचाच सांठा करतात. एकाला मानवलेला घाणा शेजारच्याच्या नळीला मानवेलच असें नाहीं.

मोठ्या रायफलींचें काडतूस मात्र पुन्हां भरतां येतें, आणि परदेशांत कित्येक निशाणबाज तें घरीं भरतात. पितळेचें नळकांडें, तळाची टोपी, दारू आणि गोळी, असे चार जिन्नस. हें काम करणारा मनुष्य मोठा नेटका असावा लागतो. तो दारू ग्रेनच्या दशांशापर्यंत तोलतो. आणि एक ग्रेन म्हणजे ग्रॅमचा पंधरावा भागसुद्धां नव्हे. त्याच्यापाशीं वेगमापक यंत्र असतें. रॉबिन्सच्या झोपाळ्याचा तो वंशज. त्यांत ठोकळ्याऐवजीं प्रकाशाचे दोन पडदे असतात, आणि गोळीला एकापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यास किती वेळ लागला तें यंत्र सांगतें. आणि नेमक्या याच ठिकाणीं दिंद्रुडची चूक पुन्हां होते. पुस्तकांत छापलेलें असतें कीं अमुक दारूनें २७०० फूट वेग मिळेल. आपल्या गृहस्थाचें यंत्र २६०० दाखवितें. त्याला वाटतें, आपलें काडतूस शंभर फूट कमी पडलें. दारू थोडी वाढवावी. पण पुस्तकांतला आकडा चोवीस इंचांच्या चांचणी-नळींतून घेतलेला असतो, आणि याची नळी असते वीस इंचांची. पुस्तक खोटें नाहीं आणि काडतूसहि कमी नाहीं. बुडाशीं दाब जितका असावा तितका आधींच झालेला आहे. शंभर फूट गेले ते चार इंचांबरोबर गेले. ते दारूनें परत मागणें म्हणजे दाबाची मर्यादा ओलांडणें. थ्री-नॉट-थ्रीसारख्या रायफलींत हा दाब मुळांतच दर चौरस इंचास अठरावीस टनांच्या घरांत असतो; आणि ज्या माणसाच्या डोळ्यांपासून तो एका वितीवर उत्पन्न होतो, त्या माणसाला तो दिसत नाहीं. वेग यंत्रावर दिसतो, दाब दिसत नाहीं. म्हणून माणूस वेगाच्या मागें लागतो.

नळीची लांबी सांगितल्यावांचून वेगाचा आकडा अपुराच राहतो, ही गोष्ट यासाठीं ध्यानांत ठेवावयाची. पुण्याजवळ खडकीस १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, जळगांव जिल्ह्यांत वरणगांवास १९६४ पासून आहे. असल्या कारखान्यांतून निघणाऱ्या मालाची परीक्षा घेतांना वेग आणि दाब हे दोन्ही ठराविक लांबीच्या नळींतच मोजावे लागतात. एरवीं एका घाण्याची दुसऱ्या घाण्याशीं तुलनाच होऊं शकणार नाहीं. दोन नळ्या एकाच लांबीच्या असल्या तरी त्यांचा वेग तंतोतंत जुळत नाहीं. आंतले आटे, पोकळीचा सूक्ष्म फरक, झीज, यांमुळें पंचवीसतीस फुटांचें अंतर सहज पडतें. हवामानाचाहि भाग आहे. पौषांतल्या पहांटे आणि वैशाखांतल्या दुपारीं एकच काडतूस सारखें वागत नाहीं. तापलेली दारू अधिक चपळाईनें जळते, वेग वाढतो, आणि दाबहि वाढतो. मराठवाड्यांतील उन्हांत काडतुसें उघड्यावर तापूं देऊं नयेत, हें यावरून समजेल. आणि आपल्या देशापुरतें सांगावयाचें तर, परवान्यावांचून काडतुसें बनविणें किंवा बंदुकीची नळी आंखूड करणें या दोन्ही गोष्टी १९५९ च्या शस्त्र-अधिनियमानें मना केलेल्या आहेत.

शेवटीं पुन्हां त्या ओसरीवर जाऊं. ते वृद्ध शेतकरी आज हयात नाहींत. त्या दिवशीं मला हें सारें नीट सांगतां आलें नाहीं. आज तें थोडक्यांत असें सांगेन. नळीची लांबी गोळीला जोर देत नाहीं, जोराला अवधि देते. आणि तो अवधि जितका तोंडाकडचा तितका कमी मोलाचा. लोहारानें वीतभर नळी कापली तेव्हां शेंकडा चार वेग गेला. वाटोळी गोळी हवेच्या विरोधामुळें पहिल्या दहाबारा पावलांतच तेवढा वेग गमावते. म्हणजे त्या रात्रीं मचाण दहाबारा पावलें अलीकडे बांधलें असतें, तर सारी तूट भरून निघाली असती. दारूला हात लावण्याचें कारणच नव्हतें, आणि बोटेंहि शाबूत राहिलीं असतीं. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.